तारीख उलटलेले अन्न

पाकिटावर छापलेली तारीख हा उत्पादकाने बांधलेला अंदाज असतो. पाकीट न उघडता, सांगितल्याप्रमाणे ठेवले, तर आतला पदार्थ या दिवसापर्यंत चांगला राहील, एवढीच हमी त्या तारखेत असते. तारीख उलटली त्या रात्री पदार्थाचे विष होत नाही; आणि तारखेला दोन दिवस बाकी आहेत म्हणून उन्हात पडून राहिलेली दुधाची पिशवी सुरक्षित ठरत नाही. म्हणूनच ‘तारीख गेली, आता खावे की टाकावे’ याला सरसकट उत्तर देता येत नाही. खव्याच्या पेढ्याला ते एक, बेदाण्याला दुसरे, हळकुंडाला तिसरे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हे तिन्ही पदार्थ तयार होतात, शिवाय दूध, गूळ, शेंगदाणे, स्ट्रॉबेरीचा जॅम आणि मधही. हा प्रश्न नीट उलगडायला याहून सोयीचा मुलूख शोधूनही मिळणार नाही.

आधी कायदा. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याचा प्रत्यक्ष अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाला. त्याखालच्या नियमांत दोन प्रकारच्या तारखा आहेत. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची तारीख. तिच्यानंतर चव, रंग, कुरकुरीतपणा कमी होईल, पण पदार्थ खाण्यास पूर्ण सुरक्षित असू शकतो, हे नियमातच मान्य केलेले आहे. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही दुसरी. तिच्यानंतर पदार्थात अपेक्षित दर्जा आणि सुरक्षितता बहुधा उरणार नाही असे गृहीत धरले जाते, आणि तो विकायला मनाई असते. २०२०च्या लेबलविषयक नियमांनी ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ लिहिणे बंधनकारक केले आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठेवले. विक्रेत्यावर वचक बसवण्यासाठी हे चांगलेच झाले. पण घरात त्यामुळे गोंधळ वाढला, कारण नाशवंत दुधाच्या पिशवीवर आणि हळदीच्या पुडीवर आता एकच शब्द दिसतो. तारीख उलटली की दुकानदाराने दोन्ही फळीवरून काढायलाच हव्यात. घरातल्या डब्याबाबत मात्र पदार्थ कोणता आहे ते पाहूनच ठरवावे लागते.

ते ठरवताना बहुतेक जण नाकावर भिस्त ठेवतात. इथेच मोठी चूक होते. अन्न बिघडवणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बहुतांशी वेगवेगळे असतात. पहिल्या प्रकारचे जंतू आपली हजेरी लपवत नाहीत: भाजी विटते, वरणाला आंबूस वास येतो, उसळीला तार सुटते, ताक फसफसते. दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे साल्मोनेला, लिस्टेरिया, स्टॅफिलोकॉकस यांच्यासारखे, पदार्थाचा वास, रंग, चव काहीही न बदलता वाढू शकतात. त्यामुळे वासाची परीक्षा एकाच बाजूने खरी ठरते. वास वाईट आला तर पदार्थ टाकावा, हे बरोबर. वास चांगला आला म्हणून तो खाण्याजोगा आहे, हे मात्र सिद्ध होत नाही. ‘एक उकळी आणली की झाले’ हा समजही अर्धाच खरा आहे. उकळीने बरेचसे जंतू मरतात, पण स्टॅफिलोकॉकसने आधीच सोडलेले विष उकळीला दाद देत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियसच्या उलटी घडवणाऱ्या विषाचेही तसेच. सकाळी त्या भाताला कितीही कडक फोडणी दिली तरी ते विष जात नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला असेल, तरच त्याचा फोडणीचा भात करावा.

नाकाचा भरवसा नाही, तर मग कशावर विसंबायचे? पहिली गोष्ट पाणी. पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा जंतूंच्या वाट्याला येईल असे मोकळे पाणी किती आहे, याला महत्त्व असते. शास्त्रज्ञ ते शून्य ते एक या मापात मोजतात. दुधाचे माप ०.९९च्या आसपास असते. ०.८५च्या खाली आजार पसरवणारे जीवाणू वाढू शकत नाहीत, बुरशी मात्र वाढते. ०.६च्या खाली बुरशीचीही वाढ थांबते. साखर आणि मीठ पाणी धरून ठेवतात, वाळवण ते काढून टाकते. जुन्या काळापासूनच्या टिकाऊ पदार्थांचे गुपित याच दोन वाटांत आहे. दुसरी गोष्ट आंबटपणा. सामू (पीएच) ४.६च्या खाली असला, तर बोटुलिझमसारख्या प्राणघातक विषबाधेचा जंतू वाढत नाही. म्हणून चिंचेचा कोळ किंवा कैरीचे लोणचे आणि डबाबंद मटार यांना एकाच न्यायाने तोलता येत नाही. तिसरी गोष्ट उष्णता: साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्याकडचे स्वयंपाकघर वर्षभर याच टप्प्यात असते.

ही तीन मापे साताऱ्याच्या कंदी पेढ्याला लावून पाहावीत. कंदी पेढ्याचा खवा कढईत तपकिरी होईपर्यंत परतला जातो. या परतण्याने दुधातली साखर आणि प्रथिने भाजून तो खमंग वास येतो, आणि त्याच वेळी बरेच पाणी उडून जाते. पांढऱ्या, मऊ पेढ्यापेक्षा तो जास्त टिकतो तो याच कारणाने. तरीही तो दुधाचाच पदार्थ, आणि भट्टीवरून उतरल्यावर तो हाताने वळला जातो. स्टॅफिलोकॉकस हा जंतू माणसाच्या कातडीवर आणि नाकात राहतो. कमी पाण्यात तगून राहण्यात तो इतर जंतूंपेक्षा चिवट असतो. थोडक्यात, पेढा किती टिकेल हे खवा किती भाजला, हात किती स्वच्छ होते आणि डबा कुठे ठेवला यावर ठरते. डब्यात बंद केलेले गरम पेढे घाम धरतात. बुरा प्रथम दिसतो तो वरच्या बाजूला नाही, दोन पेढे एकमेकांना चिकटलेले असतात तिथे आणि डब्याच्या तळाशी लागलेल्या कागदावर. म्हणून पेढा उलटून पाहावा. बुरा एका पेढ्याला असला तरी शेजारचे पेढे पुसून खाऊ नयेत. बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. फ्रिजमध्ये पेढा कडक होतो, ठिसूळ होतो, पण तो बिघाड नाही.

सुट्या मिठाईच्या ट्रेजवळ ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावावी, असा आदेश राष्ट्रीय पातळीवरच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून लागू केला. त्याआधी सुट्या मिठाईला तारीखच नसे. त्याच प्राधिकरणाच्या मार्गदर्शक टिपणात कलाकंदासारख्या ओल्या मिठाईला एक दिवस, खव्याच्या बर्फीसारख्या पदार्थांना चार दिवस आणि तूप-सुकामेव्याच्या मिठाईला आठवडाभर अशी ढोबळ मुदत सुचवलेली आहे. अडचण अशी की ट्रेजवळची पाटी डब्याबरोबर घरी येत नाही. विकत घेताना तारीख विचारून डब्याच्या झाकणावर लिहून ठेवणे, एवढे साधे काम पुढची शंका मिटवते. दुधाच्या ओल्या मिठाईबाबत तारीख उलटल्यावर ‘चाखून पाहू’ हा मार्ग धरूच नये.

दुधाच्या पिशवीचेही तेच. पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात. त्याने रोगजंतू मरतात, पण सगळे जंतू मरत नाहीत. उरलेले जंतू फ्रिजमध्येही हळूहळू वाढत राहतात. खोक्यातले दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरलेले असते, म्हणून ते फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने राहते. मात्र खोक्याचा कोपरा कापला की ती लांबची तारीख संपली असे समजावे आणि दूध फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत वापरावे. उघडलेल्या प्रत्येक पाकिटाला हाच नियम आहे, आणि नेमका तोच सर्वांत जास्त विसरला जातो. दह्याला आंबटपणाचे संरक्षण असल्यामुळे तारखेनंतर ते काही दिवस फक्त जास्त आंबट होते. पण त्यावर रंगीत ठिपका दिसला तर कढीसाठीसुद्धा ते वापरू नये.

दुसऱ्या टोकाला बेदाणा. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ या भागांत द्राक्षे शेडमधल्या जाळीच्या रॅकवर सुकवतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवल्याने सालीवरचा मेणचट थर सैल होतो आणि पाणी लवकर निघून जाते. सुकल्यावर जेमतेम १५ टक्के पाणी उरते, आणि तेही साखरेने धरलेले. हा माल सांगली-तासगावच्या शीतगृहांत महिनोन्‌महिने राहतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घरी, फ्रिजबाहेर, उन्हाळा ओलांडलेला हिरवा बेदाणा तांबूस होतो. तो रंगाचा बदल आहे. असा बेदाणा तारखेनंतर काही महिन्यांनीही खीर-शिऱ्यात बिनधास्त चालतो. कधी त्यावर पांढरी कणी दिसते. ती साखर की बुरशी हे ओळखायला चार दाणे कोमट पाण्यात टाकावेत: साखर विरघळते, बुरशीची लव पाण्यात तशीच राहते. बेदाणे चिकट होऊन त्यांना दारूसारखा वास येत असेल, तर ओल लागून यीस्ट वाढले आहे, आणि मग ते टाकलेलेच बरे.

हळदीची गोष्ट याहून जुनी आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर, हळद जमिनीखालच्या पेवांत साठवण्याची पद्धत होती. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेले हळकुंड खोल पेवात भरून तोंड लिंपून बंद करत. आतला प्राणवायू हळूहळू संपत जाई, त्यामुळे कीड जगत नसे, आणि उजेड नसल्याने रंग टिके. हळद अशी काही वर्षे राहत असे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावरचे असे, तेही त्याच प्राणवायूच्या अभावामुळे. २००५च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरले आणि ही साठवण मोडकळीस आली. पेवाच्या या इतिहासातून तारखेविषयी समजण्यासारखे पुष्कळ आहे. कोरडे हळकुंड वर्षानुवर्षे टिकते ते कोरडे, अंधारे आणि हवाबंद राहते म्हणून. त्याचीच पूड उजेडातल्या बरणीत ठेवली की रंग फिका पडतो, वास उडतो. तारीख गेलेली कोरडी हळदपूड अपायकारक नसते, निस्तेज असते. तिच्यात ओलसर गाठी झाल्या असतील, कुबट वास असेल, तर मात्र तिचा वापर थांबवावा.

कोरडे म्हणजे निर्धोक, असे मात्र लगेच ठरवून टाकू नये. भडंगात पाणी जवळजवळ नसते, पण तेल असते. तेलाची हवेशी प्रक्रिया होऊन ते खवट होते. सादळलेला भडंग कढईत परतून पुन्हा कुरकुरीत करता येतो. खवट झालेला कशानेही सुधारत नाही. घशाला खवखव होते, पोट बिघडू शकते. शेंगदाण्यांबाबत धोका याहून गंभीर आहे. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर, मक्यावर ॲस्परजिलस ही बुरशी वाढते आणि ॲफ्लाटॉक्सिन हे यकृताची हानी करणारे, दीर्घकाळात कर्करोगाला कारण ठरणारे विष तयार करते. १९७४ साली राजस्थान-गुजरात सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहाल जिल्ह्यांत पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली, ती याच विषाने. भाजल्याने ते पुरते जात नाही. म्हणून काळपट, सुरकुतलेला, कडवट दाणा तोंडात आला की थुंकून टाकावा आणि कूट करण्याआधी दाणे निवडावेत, तारीख काहीही असो. दाणे निवडण्याची घरोघरची ही जुनी सवय विषबाधा टाळण्याचा उत्तम उपाय आहे.

गूळ पावसाळ्यात हवेतले पाणी ओढून पाझरतो. वरचा पातळ थर आंबतो. आंबूस वास नसलेला, फक्त मऊ पडलेला गूळ लवकर वापरून टाकावा. कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा जुना झाला की शिजायला वेळ घेतो. तो खाण्यास चालतो, पण अर्धाकच्चा चालत नाही. राजम्याच्या या कुळातल्या कच्च्या दाण्यात पोट बिघडवणारे लेक्टिन असते. भिजवून, पाणी बदलून, निदान दहा मिनिटे खळाखळा उकळल्याशिवाय ते नष्ट होत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीच्या जॅमला साखर आणि आंबटपणा यांचे दुहेरी संरक्षण असते. न उघडलेली बाटली तारखेनंतर काही आठवडे सहसा बिघडत नाही. उघडल्यावर तिला फ्रिज लागतो, आणि ओला चमचा हा तिचा खरा शत्रू. मध तर नीट बंद असेल तर वर्षानुवर्षे टिकतो. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे २०२२ मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, त्या परिसरात हे कुणीही सांगेल. थंडीत मध गोठून रवाळ होतो, त्याला भेसळ किंवा बिघाड समजू नये. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. पण तारखेत असलेला, शुद्धातला शुद्ध मधही एक वर्षाखालच्या बाळाला चाटवू नये. मधात बोटुलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजू शकतात. बारशाला किंवा गुटीतून मध देण्याची रीत जिथे आहे, तिथे ही गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावी.

तारीख ठरवताना उत्पादकाने ‘थंड व कोरडी जागा’ गृहीत धरलेली असते. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जुलैत महाबळेश्वरच्या घरात ठेवलेला रव्याचा डबा आणि मे महिन्यात म्हसवडच्या पत्र्याच्या दुकानात ठेवलेली चॉकलेटची खोकी, दोन्हींवर तारीख एकच असली तरी दोघांचे आयुष्य एक नसते. पहिल्याला ओल आणि जाळी, दुसऱ्याला उष्णता. दमट घाटमाथ्यावर बुरशीच्या बाजूने आणि तापलेल्या दुष्काळी पट्ट्यात तेल-दुधाच्या पदार्थांबाबत तारीख थोडी अलीकडेच धरावी.

वीज गेली तर बंद ठेवलेला फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. त्यानंतर दूध, खवा, पनीर, शिजवलेले अन्न, मांस यांची तारीख मोजण्यात अर्थ नाही. पुरात तर सगळेच हिशेब बदलतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बाजारपेठेत, घरांत पाणी शिरले. अशा वेळी पुराच्या पाण्यात बुडालेले प्रत्येक पाकीट, बरणी, फिरकीच्या झाकणाची बाटली टाकून द्यावी लागते, आत पाणी गेलेले दिसत नसले तरी. कारण त्या पाण्यात गटारे, जनावरांचे मलमूत्र आणि कीटकनाशके मिसळलेली असतात. धान्याची भिजलेली पोती वाळवून दळू नयेत. फक्त न पोचलेला, न गंजलेला, पूर्ण बंद धातूचा डबा साबणाने धुऊन, ब्लिचिंगच्या द्रावणात बुडवून वापरता येतो. एरवीही फुगलेला डबा उघडूच नये.

काही बाबतींत मात्र तारीख हाच शेवटचा शब्द मानावा. तान्ह्या बाळाच्या डब्यातल्या दुधाची पूड तारखेनंतर कधीही वापरू नये, कारण त्यातली जीवनसत्त्वे घटतात आणि बाळाचे सारे पोषण त्यावर असते. गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसे, मधुमेहाचे किंवा कर्करोगाच्या उपचारातले रुग्ण यांच्या ताटात फ्रिजमधले, तयार खायचे, तारीख उलटलेले काहीही वाढू नये. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि गर्भाला घातक ठरतो.

दुकानात पाहायचे ते इतकेच: तारीख खोडलेली, तिच्यावर दुसरे लेबल चिकटवलेले, छपाई पुसट झालेली, किंवा ‘तारीख जवळ आली म्हणून निम्म्या दरात’ दिलेल्या मालाची तारीख प्रत्यक्षात उलटून गेलेली. असा माल विकणे गुन्हा आहे. पाकीट आणि बिल जपून ठेवून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करता येते. पाकीट फेकून दिले की तक्रारीचा आधार जातो.

टाकायचे ठरलेल्या अन्नाचे काय करायचे, हा प्रश्न या दूधउत्पादक जिल्ह्यांत विशेष महत्त्वाचा आहे. बुरा आलेला पाव, कुबट शेंगपेंड, किडका मका गाई-म्हशीपुढे टाकण्याची सवय सर्रास आढळते. वैरणीतले ॲफ्लाटॉक्सिन जनावराच्या यकृतात बदलून एम-१ या रूपात दुधात उतरते, आणि दूध तापवूनही ते जात नाही. दुधात त्याची मर्यादा एका किलोला अर्धा मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे. शिळी पण न बुरसलेली भाकरी जनावराला चालते. बुरशी दिसलेली कोणतीही वस्तू खताच्या खड्ड्यात टाकून वर माती लोटावी. पाकिटे टाकण्याआधी फाडावीत, म्हणजे ती उचलून कुणी पुन्हा विकणार नाही.